गळ, पाग आणि चढणीचे मासे: हौशी मासेमारांचे नेहमीचे प्रश्न

मी दाभोळ खाडीच्या काठचा. पोटापाण्यासाठी पुण्यात असतो, पण वर्षातून दहा-बारा फेऱ्या तरी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गावी होतात. बरोबर कुणी ना कुणी असतंच: ऑफिसातले मित्र, त्यांची पोरं, सोसायटीतले शेजारी. प्रश्न सगळ्यांचे तेच. कातळावर बसून उत्तरं देता देता ओहोटी निघून जाते, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. नावं आमच्या बाजूची आहेत. तुमच्या गावात त्याच माशाला वेगळं नाव असेल तर तेही बरोबरच.

रानात शिकारीला जायचं आहे. परवाना कुठे मिळतो?

मिळत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती आल्यापासून हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. त्याआधी परवाना काढून लोक जायचे, आणि शिमग्याच्या सुमारास गावच्या गाव हाका घालत पारधीला निघायचं. माझ्या आजोबांच्या गोष्टी सगळ्या त्या पारधीच्या. गोष्टी ऐकायला छान आहेत, तेवढ्यावर थांबायचं.

कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फास लावणं, सापळ्यात धरणं, विष घालणं, हाकून कोंडीत पकडणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच येतं. ‘मी मारला नाही, नुसता पकडला’ हे उत्तर चालत नाही. ससा, साळिंदर, रानडुक्कर, घोरपड सगळे संरक्षित आहेत. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे; तिथे ३ ते ७ वर्षांची कैद आहे. पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठी शेतकऱ्याला वन विभागाकडे अर्ज करता येतो, पण ती वाट शेतकऱ्याची. पुण्याहून शनिवारी येणाऱ्याची नाही.

तारेच्या फासक्यांबद्दल मला जरा जास्तच राग आहे. लावणारा म्हणतो डुकरासाठी लावली, पण फासाला डुक्कर कुठलं नि बिबट्या कुठला ते कळत नाही. कोकणात फासात अडकलेल्या बिबट्याची बातमी येतच असते. रानात फासकी दिसली तर स्वतः सोडवत बसू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

म्हणून खाली जे आहे ते सगळं मासे आणि चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं).

मग मासे धरायला परवानगी लागते का?

पाणी कुणाचं आहे त्यावर. धरणं आणि मोठे तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे सोडलेलं बीज त्यांच्या पैशाचं असतं, तेव्हा आधी संस्थेच्या माणसाला विचारायचं. बहुतेक वेळा चहा पाजून परवानगी मिळते, कधी थोडे पैसे घेतात. न विचारता बसलात आणि उठवलं तर तक्रार करू नका.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात काठी गाडीतून बाहेरच काढायची नाही. मालवणचं समुद्री अभयारण्य १९८७ पासून आहे, हे पर्यटकांना ठाऊकच नसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला गळ टाकायचा विचार असेल तर आधी स्थानिक वन कार्यालयात चौकशी करा.

समुद्रावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ती यांत्रिक नौकांना आहे, काठावर बसून गरवणाऱ्याला नाही. पण त्या दोन महिन्यांत समुद्रालगतच्या कातळावर जायचं नाही हा माझा नियम आहे. त्याचं कारण कायदा नाही, लाट आहे.

सुरुवातीला काय विकत घेऊ?

फार काही नको. तुम्ही बांबूच्या काठीने सुरुवात करावी असं मला वाटतं, पण कुणी ऐकत नाही. सगळ्यांना रीलच हवी असते. ठीक आहे: सात-आठ फुटी स्पिनिंग रॉड आणि मध्यम रील, दीड-दोन हजारांत जोडी मिळते. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका. गळ तीन मापांचे, शिशाच्या गोळ्या, एक लांब तोंडाची पक्कड, डोक्याला लावायची बॅटरी.

आमिषाला गोड्या पाण्यात गांडूळ (कुणी काडू म्हणतं, कुणी दानवं), बोयीला कणकेचा गोळा, खाडीतल्या बाकी सगळ्यांना कोळंबी. जिवंत असेल तर उत्तम. चमकणारी महागडी ल्यूर पहिल्या दिवशी कातळात अडकून तुटतेच. माझ्या नऊ ल्यूर दाभोळच्या तळाशी आहेत.

भरती-ओहोटी कशी ओळखायची? ॲपवर भरवसा ठेवू का?

ॲप ठेवा, पण पाउणकीही (पाऊणपटीचा पाढा) शिका. माझी आत्या कालवं फोडायला जायची. शाळा दुसरीपर्यंत, पण पावकी-निमकी-पाउणकी तोंडपाठ. तिचा हिशोब असा: तिथीला पाउणपट करा, तेवढ्या वाजता भरती भरते. षष्ठी असेल तर साडेचार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. दर दिवशी भरती साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि चंद्र त्याच हिशोबाने उशिरा उगवतो, म्हणून तिथीवरून वेळ काढता येते.

हे गणित मुंबईच्या बाजूचं. तुम्ही दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी आधी येते. उलट, खाडीच्या तोंडापासून आत गेलात की उशीर होतो, कारण पाण्याला आत चढायला वेळ लागतो. आमच्या गावासाठी किती मिळवायचं आणि किती वजा करायचं हे आत्याला ठाऊक होतं. ते ॲपला ठाऊक नसतं, कारण ॲप जवळच्या बंदराची वेळ दाखवतं. दोन-तीन दिवस खाडीच्या कडेच्या एखाद्या खुंटावर पाण्याची खूण बघा, तुमच्या जागेचा फरक कळेल.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरती खूप वर, ओहोटी खूप खाली, पाणी जोरात. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो: पाणी आळशी. गळाला मला भांगाकडून उधाणाकडे जाणारे दिवस आवडतात, म्हणजे दशमी ते द्वादशी. पाणी हलतं, पण शिसं वाहून नेईल एवढं नाही. ऐन उधाणात खाडी गढूळ होते आणि तंगुसाला नुसता कचरा लागतो. दिवसातली वेळ विचाराल तर भरती लागल्यावरचे पहिले दोन तास आणि भरून उतरायला लागल्यावरचा पहिला तास. पाणी थांबलेलं असतं तेव्हा भाकरी खायची.

म्हणजे हे बायकांनाही येतं?

हा प्रश्न एका मित्राने खरंच विचारला होता. कालवं, तिसऱ्या, खुबे काढण्याचं बहुतेक काम किनाऱ्यावर बायकाच करतात, आणि ओहोटीचा तास चुकला तर त्यांचा दिवस जातो. भरतीचं वेळापत्रक शिकायचं असेल तर गळवाल्या पुरुषांना विचारू नका.

चढणीचे मासे म्हणजे काय? आम्हाला नेशील का?

जूनमध्ये सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात, आमच्याकडे चढण.

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला, पऱ्ये (ओढे) वाहायला लागले, की नदीत-डोहात उन्हाळा काढलेले मासे उलट्या पाण्याने वर चढायला लागतात. मळ्ये, शिंगट्या, वाम, मरळ. वितभर पाण्यातून, कधी तर नुसत्या ओल्या गवतावरून सळसळत भातखाचरांत पोचतात. जातात अंडी घालायला. नुकतं भरलेलं खाचर म्हणजे उथळ, कोमट, बारीक किड्यांनी भरलेलं पाणी, आणि पिल्लांना गिळणारे मोठे मासे तिथे कमी. नदीत घातलेली अंडी पहिल्या पुरात वाहून जातील, खाचरात टिकतात. हा सगळा खेळ पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींचा, त्यातही रात्रीचा आणि गढूळ पाण्याचा. पुढे आषाढात पाणी कायमचं वाहू लागलं की चढण थंडावते.

लहानपणी आम्ही बत्ती घेऊन जायचो. वहाळात उभं राहिलं की पोटऱ्यांना मासे आपटायचे. हाताने, पागाने (फेकायच्या गोल जाळ्याने), कोयत्याच्या पाठीने, ज्याला जसं जमेल तसं. एका वर्षी मी आणि चुलतभावाने बादली भरून आणली. आईने साफ करायला घेतली आणि म्हणाली, ‘अरे, ह्यात मासे कमी नि गाभोळीच जास्त.’ गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. ती काही निसर्गप्रेमी वगैरे नव्हती, तिला फक्त दिसलं ते बोलली. मला मात्र ते चिकटून राहिलं.

आता मी चढणीला जातो ते बघायला. धरतो उतरणीला.

यावर गावात वाद होतात. ‘आमच्या बापजाद्यांनी धरले, तेव्हा संपले का मासे?’ मुद्दा खोटा नाही. पण तेव्हा वाडीत एक बत्ती होती आणि नदीपासून खाचरापर्यंतची वाट मोकळी होती. आता प्रत्येकाच्या कपाळाला बॅटरी, दहा गावांहून मोटरसायकली, आणि बारीक छिद्रांची मच्छरदाणी आडवी लावलेली, म्हणजे बोटाएवढंही काही सुटू नये. त्यात मध्ये मध्ये सिमेंटचे बंधारे झालेत. मासा तो चढू शकत नाही, बंधाऱ्याच्या पायथ्याशी ढीग होतो, आणि तिथे टोपलीने उपसतात. गोळा करणं आणि मासेमारी यात काही फरक असेल तर तो तिथे संपतो.

उतरण म्हणजे?

भाद्रपद सरता सरता पाऊस ओसरतो, खाचरातलं पाणी निथळायला लागतं, तेव्हा तेच मासे आणि त्यांची वाढलेली पिल्लं खाली नदीकडे निघतात. अंडी घालून झालेली असतात. याचं नाव फार कुणी काढत नाही, कारण त्यात चढणीची जत्रा नसते. पंधरा-वीस दिवस थोडे थोडे मासे मिळत राहतात.

बांधाच्या तोंडाशी बांबूच्या काड्यांचा निमुळता पिंजरा लावायचा. काही गावांत याला खोयन म्हणतात. तोंडाशी आतल्या बाजूला वळवलेल्या लवचिक काड्या असतात, मासा त्या बाजूला सारून आत जातो, बाहेर येताना त्याच टोचतात. चढणीला लावणारे तोंड खालच्या बाजूला करतात. उतरणीला वरच्या बाजूला. काड्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवा, पिल्लं निघून जातात. संध्याकाळी लावून पहाटे उचलायचा. दुपारपर्यंत ठेवलात तर पाणसापच जेवून जातो. पिंजरा बनवणारी म्हातारी माणसं आता कमी राहिलीत. आमच्या पंचक्रोशीत मला एकच माहीत आहे, आणि ते गणपतीच्या आधी सांगितलं तरच देतात.

पाग टाकायला किती दिवसांत येतो?

टाकायला एका दिवसात. गोल पडायला एक पावसाळा. पहिले सगळे पाग केळ्याच्या आकाराचे पडतात.

पाण्यावर शिकू नका, गवतावर शिका. मधली दोरी डाव्या मनगटात, पागाचा एक पदर डाव्या कोपरावर, एक भाग उजव्या हातात, आणि कमरेतून फिरत सोडायचा. जुने लोक कडेचं शिसं दातांत धरतात. तुम्ही धरू नका. शिसं तोंडात घालायची वस्तू नव्हे, आणि सोडायचं विसरलात तर दात पाण्यात जातो. माझ्या ओळखीत गेलाय.

जाळ्याच्या छिद्राला आस म्हणतात, आणि ती बोटांनी मोजतात. बारीक आसेचा पाग दुकानदार आग्रहाने देतो, कारण त्यात काहीतरी लागतंच आणि गिऱ्हाईक खूश होतं. दोन बोटी आसेचा घ्या. खडकाळ जागी, बुडालेल्या झाडाच्या फांदीवर पाग टाकला तर तो सोडवायला पाण्यात उतरावं लागतं, आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. पाग तुटला तर तुटू द्या.

चिंबोऱ्या कशा धरायच्या? बोट तुटतं का?

तुटत नाही, पण मोठ्या नराच्या नांगीने हाड दुखावू शकतं. म्हणून बिळात हात घालण्याची कला बघा, लगेच करू नका. माझे काका कांदळवनातल्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायचे आणि आत चिंबोरी आहे, जुनं पाणी आहे की साप आहे हे बिळाच्या तोंडावरच्या चिखलावरून सांगायचे. ताजा चिखल बाहेर लोटलेला आणि पायांचे ओरखडे असले तर चिंबोरी. चिखल गुळगुळीत असेल तर ते बीळ सोडून पुढे जायचं.

तुमच्यासाठी फग बरा: लोखंडी कडीला जाळं, मध्ये आमिष बांधलेलं, वर दोरी. आमिष वासाचं हवं. कोंबडीचे पाय, माशाची डोकी. चढत्या भरतीला खाडीच्या कडेने पाच-सहा फग टाकायचे आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एका दमात उचलायचे. हळू उचललात तर ती कडेवरून चालत निघून जाते, तीही अगदी निवांत.

नर-मादी पोटावरून ओळखतात. पोटाखालची झापड अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. झापडीखाली नारिंगी-काळपट अंड्यांचा घोस दिसला तर लगेच सोडा, त्यात लाखो अंडी असतात. तळहातापेक्षा लहान कवचाची असेल तरी सोडा. खायला काही नसतंच. पाठ दाबून मऊ लागली तर तिने नुकतीच कात टाकलेली आहे आणि आत बहुतेक पाणीच निघेल.

अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं सगळा किनारा मानतो. मी वजन करून बघितलेलं नाही, पण पौर्णिमेला बाजारात आत्या कधी चिंबोरी घ्यायची नाही आणि तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

हे करताना कांदळवनाची फांदीही तोडू नका. गुन्हा आहेच, शिवाय चिंबोरीचं घरही तेच.

जिताडा लागेल का?

लागला तर मला फोन करा.

अलिबाग-पेणकडे जावयाला जिताडा घालतात, इतका त्याचा मान. गोव्यात तोच चोणक. खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत राहतो. लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे दहा किलोचं धूड जवळपास नेहमी मादी असतं. म्हणून फार मोठा लागला तर फोटो काढून सोडणारे लोक आहेत. मी एकदाच सोडला, आणि रात्रभर झोप लागली नाही.

जागा सांगतो: खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, त्यातून ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत पडतं. पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासे बाहेर येतात आणि जिताडा उघाडीच्या सावलीत तोंड करून उभा असतो. जिवंत कोळंबी, जाड तंगूस, आणि तोंडाजवळ हातभर आणखी जाड तुकडा, कारण त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. कडेला आणल्यावर कल्ल्यात बोटं घालू नका, त्याच कारणाने.

मरळीला बेडूक लावतात म्हणे?

लावायचे. बेडूक संरक्षित आहे. गोव्यात ‘जंपिंग चिकन’च्या नावाखाली पावसाळ्यात बेडूक धरून खायचे, त्यावरही कारवाई होते. रबरी बेडूक मिळतो, शेवाळावरून टपटप ओढत आणला की मरळ तितक्याच चिडून येते.

सुरुंग, विष, वायरीचा करंट?

नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून पाण्यात स्फोटकं आणि विष घालणं गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली तरी सांगावं लागतं. पूर्वी गेळाची फळं किंवा कुंभ्याची साल ठेचून आटलेल्या डोहात टाकायचे. ते सौम्य होतं वगैरे ऐकवतात. डोहातलं झाडून सगळं मरतं, मग सौम्य कसलं? आता तर ब्लीचिंग पावडर आणि कीटकनाशक टाकतात, खालच्या वाडीची गुरं तेच पाणी पितात. करंटवाल्यांची माणसंही मेली आहेत. असं काही दिसलं तर वाद घालायला एकटे जाऊ नका, पोलीस पाटलांना सांगा.

देवाचे मासे म्हणजे काय?

काही डोहांत गावाने पिढ्यान्‌पिढ्या मासे धरलेले नाहीत. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड प्रसिद्ध आहे. वरदायिनीचं ठाणं, आणि पाण्यात हातभर लांबीचे खडस, म्हणजे महासीर. लोक चुरमुरे टाकतात, मासे वर येतात, बस. सरकारी पाटी नसतानाही तिथे कुणी गळ टाकत नाही.

महासीर दुसरीकडे लागला तर? सोडा. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचं बीज तयार करून नद्या-धरणांत सोडतात, एवढी त्याच्यावर वेळ आली होती. सोडायची पद्धत: गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असावा, हात ओले करून धरावा, गरम कातळावर ठेवू नये, आणि प्रवाहाकडे तोंड करून त्याने स्वतः शेपूट मारेपर्यंत धरून ठेवावा.

चिलापी आणि मांगूर लागला तर तोही सोडायचा का?

उलटं. चिलापी बाहेरून आलेली. उजनीत तर तिचंच राज्य आहे. खा, हवी तितकी. थाई मांगूर पाळायला देशात २००० पासून बंदी आहे. तो लागला तर परत पाण्यात सोडू नका. काचेच्या टाकीतला सकर मासा कंटाळा आला म्हणून नदीत सोडणारे महाभाग आहेत, त्यांना नुसता नमस्कार.

धोका कितपत आहे?

मासा मिळत असताना धोका दिसत नाही, हीच अडचण.

नदीत: पाऊस तुमच्या डोक्यावर नसेल, घाटावर असेल. पाण्याचा रंग एकदम तांबडा झाला, वरून पालापाचोळा यायला लागला, की सामान सोडून बाहेर. वाशिष्ठीत तर पाऊस नसतानाही पाणी वाढतं, कारण कोयनेच्या वीजघरातलं पाणी पोफळीहून तिच्यातच येतं. सकाळी घोट्याएवढं पाणी बघून पलीकडच्या बेटावर गेलेले दोघे मी दुपारी दोरीने आणलेत. चिपळूणच्या खाली मगरीही आहेत. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाग टाकायचा नाही, मासे काठावर धुवायचे नाहीत.

समुद्रावर: कातळ ओला आणि हिरवा असेल तर तिथे लाट येते, मग तुम्ही बघत असताना दहा मिनिटं आली नसली तरी. पाठ समुद्राकडे करू नका. विजांचा कडकडाट सुरू झाला की कार्बनची काठी खाली ठेवा, ती वीज ओढते.

पावसाळ्यात चिखलात उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरांना ‘पाण्यात उतरलो होतो’ हे आवर्जून सांगा. लेप्टो वेळेत कळला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. पायाला जखम असेल तर उतरूच नका.

कुठल्या माशाला हात लावायचा नाही?

शिंगाळ्याचे तीन काटे: एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. टोचला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवा, ते विष उष्णतेने निकामी होतं. पाकटाच्या शेपटीचंही तसंच, फक्त ती जखम खोल असते, दवाखान्यात जावंच लागतं. केंड लागला, फुगून चेंडू झाला, पोरं हसली, आता सोडून द्या. खाऊ नका; त्याच्या विषावर उतारा नाही आणि शिजवून ते जात नाही. जाळ्यात चपट्या शेपटीचा साप आला तर तो समुद्री साप. दिसायला गरीब, विष नागापेक्षा जहाल. काठीने जाळं उलटं करा, हात घालू नका.

गळ बोटात रुतला आणि उलटा काटा आत गेला असेल तर ओढू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

जागा कुणाला सांगावी का?

माझ्याकडून एकदा चूक झाली. एका डोहाचा फोटो मी उत्साहात दोन-तीनशे जणांच्या गटावर टाकला, मागे डोंगर ओळखू येत होता. पुढच्या रविवारी तिथे अकरा गाड्या होत्या. त्याच्या पुढच्या महिन्यात काठावर बाटल्या आणि तुटलेला तंगूस, त्यात एक खंड्या अडकून मेलेला. डोहाशेजारच्या वाडीतल्या माणसांनी मला काही म्हटलं नाही, पण आता चहाला बोलवत नाहीत.

अनुभव सांगा, आमिष सांगा, तिथी सांगा. गाव सांगू नका. माशाचं वजन हवं तेवढं वाढवा, त्याला कुणाची हरकत नाही. माझा सोडलेला जिताडा चार वर्षांत सहा किलोंवरून नऊवर गेला आहे.

आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा.

मिळालेले मासे विकता येतील का?

विकू नका. ज्यांचं पोट त्यावर आहे ते पलीकडच्या धक्क्यावर बसलेत. जास्त झाले तर शेजारी द्या.

नदीच्या माशाला चिखलाचा वास येतो, तो कसा घालवायचा?

मरळ आणि वाम बुळबुळीत असतात. चुलीतली राख चोळली की हातात राहतात आणि बुळबुळही जाते. गॅसवाल्यांनी जाडं मीठ घ्यावं. मग तुकडे करून हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवायचे, आणि ते पाणी टाकून द्यायचं. आगळ चालतं, पण नदीच्या माशाला मला चिंचच बरी वाटते. बारके मळ्ये असतील तर पोट दाबून साफ करा, आलं-लसूण-मिरची ठेचून लावा, हळदीच्या नाहीतर केळीच्या पानात बांधा आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. पान करपलं की झालं. तेल लागत नाही. पोरांना काटे काढून द्या, आणि शेवटचा तुकडा ज्याने गळ टाकला त्याला.